कुठल्या पानावर रडू आलं ते सांगा

या वेळी आलेल्या पत्रांत कादंबरी वाचून रडलेल्या माणसांचीच पत्रं जास्त आहेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि ही सगळी जागा त्यांनाच देऊ. पहिलं पत्र लांब आहे पण मी ते फारसं कापलेलं नाही, एवढं मनापासून वाचून एवढं मोकळं लिहिणारे वाचक कमीच भेटतात.

प्रश्न : नमस्कार ताई, मी कराडची. नर्स होते, आता रिटायर झालेय. नोकरीत असताना वाचायला जमलंच नाही, नाइट ड्युटीला एखादा दिवाळी अंक चाळायचा तेवढंच. आता वाचनालयाची मेंबर झालेय आणि अख्खा पावसाळा कादंबऱ्याच वाचल्या, त्याबद्दल थोडं लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी ‘मृत्युंजय’ वाचली. भाषा सुरुवातीला जड गेली, सूर्याची वर्णनं तर पानंच्या पानं आहेत, ती मी सरळ उलटली. पण कर्ण हस्तिनापूरला निघतो आणि त्याचा धाकटा भाऊ, तो छोटा शोण, रथाच्या मागे धावत सुटतो ना, तिथे मी जी रडायला लागले ती पुस्तक मिटूनच ठेवलं, माझा धाकटा भाऊ असाच एसटीच्या मागे पळायचा मी नर्सिंगला जाताना. मग ‘रणांगण’ घेतली, खरं म्हणजे पातळ दिसली म्हणून. तो चक्रधर मला आधी अजिबात आवडला नाही, जहाजावरच्या हॅर्टा या ज्यू मुलीशी खेळल्यासारखा वागतो असं वाटत होतं. शेवटी मुंबई येते, तो उतरतो आणि हॅर्टाचं जहाज पुढे जातं तेव्हा डोळ्यात टिपूस नाही आला पण रात्रभर झोप नाही. ‘रथचक्र’ वाचताना रडू कमी आणि राग जास्त आला, नवरा घर सोडून निघून गेला आणि ही बाई पोरांच्या शिक्षणासाठी एकटी झगडते, तिला नुसतं ‘ती’ म्हटलंय, नाव पण नाही! आमच्या वॉर्डात अशा कितीतरी ‘ती’ यायच्या. ‘बनगरवाडी’ला तर कोणी सांगितलंच नव्हतं की रडवेल, शांत चाललेलं पुस्तक, मास्तर, मेंढरं, आणि शेवटी गाव उठून जायला लागलं तसं माझ्या छातीत काहीतरी दाटून आलं.

आणि एक नवी कादंबरी वाचली, नाव लिहीत नाही. तिच्यात सगळंच होतं, प्रेम, कॅन्सर, अपघात, शेवटी एक पत्र. उशी भिजली एवढी रडले. पंधरा दिवसांनी मैत्रिणीला गोष्ट सांगायला गेले तर हिरोचं नावच आठवेना.

माझी मुलगी म्हणते आई तू रडकी पुस्तकं वाचतेस, हे काय साहित्य नाही, ही सिरियल झाली. तर प्रश्न असा की रडायला लावणारी पुस्तकं वाचणं हे खरंच खालच्या दर्जाचं वाचन आहे का? आणि दुसरं, सगळ्यात जास्त रडू जिने आणलं तीच कादंबरी मी विसरले, असं का झालं?

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते, नाही. आणि मुलीला म्हणावं, ‘मृत्युंजय’, ‘रणांगण’, ‘रथचक्र’ आणि ‘बनगरवाडी’ एका पावसाळ्यात वाचणाऱ्या बाईला दर्जाबद्दल बोलण्याआधी यातली एक तरी तू वाच.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे आणि त्याचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. तुमचं पत्र पुन्हा वाचून बघा, चार चांगल्या पुस्तकांबद्दल लिहिताना तुम्ही कोणाच्या मरणावर रडल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही जन्मभर वॉर्डात खरी मरणं बघितलीत, त्यामुळे पुस्तकात कोणीतरी मेलं एवढ्याने तुम्हाला पाझर फुटणार नाही हे मला पटतं. तुम्ही रडलात ते एक मुलगा रथामागे धावतो म्हणून.

आता ‘मृत्युंजय’चंच घ्या. कर्णाचं काय होणार हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. रथाचं चाक रुतणार, बाण लागणार, कुंती आधी येऊन काय मागणार, सगळं पाठ. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे होते, आजऱ्याकडचा तरुण मुलगा, आणि लपवून ठेवावं असं कथानकात त्यांच्याकडे काहीही नव्हतं. तरी माणसं अजून रडतात. म्हणजे रडू हे ‘पुढे काय होणार’ यातून येत नाही हे नक्की. त्यांनी काय केलं, तर कर्णाची गोष्ट एकट्या कर्णाला सांगू दिली नाही, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण असे सगळे बोलतात. त्यामुळे कर्ण स्वतःबद्दल जे बोलत नाही ते आपल्याला त्याच्या भावाच्या आणि बायकोच्या तोंडून कळतं, आणि दुसऱ्याने सांगितलेलं दुःख जास्त लागतं. सूर्याची वर्णनं तुम्ही उलटलीत त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तिथे हात जरा आखडायला हवा होता असं माझंही मत आहे. पण एक विनंती, कर्ण रोज पाठ तापेपर्यंत उन्हात उभा राहतो ते भाग तेवढे परत वाचा, त्यातूनच तो माणूस आपल्याला रोजच्या ओळखीचा होतो.

हा ‘रोजचा’ शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण तुमच्या त्या विसरलेल्या कादंबरीचं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. तुम्ही स्वतःला एक विचारा. त्या हिरोचा दिवस कसा जायचा, सकाळी उठून तो काय करायचा, पोटासाठी काय करायचा, घरात कोणाशी कसा बोलायचा, हे तुम्हाला सांगता येतं का? माझी खात्री आहे नाही येणार, कारण लेखकाने त्याला काही कामच दिलेलं नसणार, फक्त आजार दिलेला असणार. आणि बनगरवाडीच्या मास्तरचा दिवस विचारला तर तुम्ही धडाधडा सांगाल, शाळेत पोरं कशी गोळा केली, कारभारी काय म्हणाला, लोकांचे अर्ज-पत्रं लिहून देणं, कोणाची भांडणं मिटवणं, सगळ्या गावाने मिळून तालीम बांधणं. व्यंकटेश माडगूळकर स्वतः माणदेशातले, १९५५ ची ही कादंबरी, आणि तिच्यात ‘करुण’ किंवा ‘हृदयद्रावक’ असलं एक विशेषण शोधून सापडणार नाही. पाऊस पडत नाही, चारा संपतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं उठून जातात, एवढंच सांगितलंय. पण ती तालीम बांधताना आपण हजर होतो. गाव रिकामं व्हायला लागल्यावर आपल्याला जे होतं ते त्या तालमीमुळे होतं, दुष्काळाच्या वर्णनामुळे नाही.

‘रथचक्र’ने राग आला म्हणालात ते मला फार आवडलं. आपण डोळ्यातलं पाणी तेवढंच भावना म्हणून मोजतो आणि राग, लाज, अस्वस्थता यांना भावना धरतच नाही. श्री. ना. पेंडशांच्या या पुस्तकाला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे आणि मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कोकणातल्या कादंबऱ्यांत ‘गारंबीचा बापू’ जास्त लाडकी असली तरी जास्त खोल ही आहे. त्या बाईची कीव करायला लेखक आपल्याला जागाच देत नाही, ती हट्टी आहे, कधी चुकते, मुलांवर स्वतःची स्वप्नं लादते, म्हणून राग नवऱ्याचा येतो, घराचा येतो आणि मध्येच तिचाही येतो. तुम्हाला वॉर्डातल्या बायका आठवल्या, त्या बायकांचाही तुम्हाला कधी कधी असाच राग आला असेल.

आणि ‘रणांगण’. १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, विश्राम बेडेकरांनी युरोपातून निघालेल्या एका जहाजावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू आणि एक मराठी तरुण एकत्र आणले, त्या काळात आपल्याकडे असा विषय कोणाच्या डोक्यातही येत नव्हता. चक्रधर आवडला नाही ना? तो आवडण्यासाठी लिहिलेलाच नाही. प्रेमात दुखावला गेलेला माणूस आहे, कोणाला मनाजवळ येऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलेला, आणि जहाजाचा प्रवास ठरलेल्या दिवशी संपणार हे दोघांनाही माहीत आहे. मुंबईला तो उतरतो तिथे आपल्याला हक्काने रडताही येत नाही कारण त्याच्या उतरण्यात आपणही सामील झाल्यासारखं वाटतं, त्याला घर आहे, तिला जगात कुठे उतरू देतील याचा पत्ता नाही. तुमची झोप गेली ती त्यामुळे गेली. मी तर म्हणेन पाचात सगळ्यात जास्त भावनाप्रधान पुस्तक हेच.

उशी भिजवलेल्या पुस्तकाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. कधी कधी माणसाला नुसतं रडून मोकळं व्हायचं असतं आणि त्यासाठी असं पुस्तक चालतं, फक्त ते विकत घेऊ नका, वाचनालयातूनच आणा.

प्रश्न : मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय, रूमवर चौघं राहतो. मित्राने ‘कोसला’ दिलं, म्हणाला हे वाचलं नसशील तर तू वाचक नाहीस. सुरुवातीला हसू येत होतं, मेस, हॉस्टेल, गॅदरिंग, सगळं आमच्यासारखंच. पण नायकाची लहान बहीण मनी जाते तिथे मी अडकलो, तीन-चार पानं परत परत वाचत बसलो आणि पुढे जाववेना. मित्र म्हणतात ते पुस्तक सेंटी नाहीये, तू चुकीचं वाचतोयस, ते अस्तित्ववादी वगैरे आहे. त्याच्या आधी ‘शाळा’ वाचून पण मला दोन दिवस कसंतरी होत होतं. मी जास्तच सेंटी आहे का?

उत्तर : अरे दादा, तू अगदी बरोबर वाचतोयस, मित्रांना म्हण परत वाचा.

‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते आणि तिच्यावर तेव्हापासून एवढं लिहिलं गेलंय, एवढे वाद झालेत की खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा एक पोरगा आहे आणि त्याला एक लहान बहीण होती हेच लोक विसरून जातात. अर्धं पुस्तक तो सगळ्यांची टिंगल करतो, स्वतःची सुद्धा, त्याचा तो तिरकस आवाज आपल्या कानात बसतो. आणि मनी देवीच्या रोगाने जाते तेव्हा त्याला ती टिंगल जमतच नाही. तोच माणूस, तीच तुटक वाक्यं, पण त्यांच्यात आता हसायची ताकद नाही. तुला जाववेना ते म्हणूनच. ज्या आवाजाची सवय झाली होती तोच आवाज मोडला. मराठीत बहिणीच्या मरणावर याहून खरं काही लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतेय. त्या पानांनंतर पुढचं पुस्तक वाच मात्र नक्की, कारण मनी गेल्यावर पांडुरंग पुण्यात जे भरकटत जातो ते त्या पानांशिवाय समजतच नाही आणि शेवटी तो गावी परत जातो त्याचा अर्थही तिथूनच लागतो.

‘शाळा’चं वेगळं आहे. मिलिंद बोकीलांची २००४ ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातलं नववीचं वर्ष, जोशी सांगतोय, सुऱ्या आणि चित्रे ही गँग आणि शिरोडकर. तिथे कोणी मरत नाही, मोठं काही घडतही नाही म्हणजे मोठ्यांच्या हिशोबाने घडत नाही. शिरोडकर निघून जाते. बस. पण तोपर्यंत त्या पोराचा प्रत्येक तास आपण जगलेलो असतो, ती वर्गात कुठे बसते, कोणत्या रस्त्याने जाते, आणि त्याच वेळी बाहेर देशात माणसं तुरुंगात टाकली जाताहेत हे त्याला अर्धवट कळतंय. तुला कसंतरी झालं ते दोन दिवसच टिकलं याचंच मला नवल वाटतं. अभ्यास सांभाळून पुढचं वाच, सध्या ‘रणांगण’ हातात घेऊ नकोस, प्रीलिम होऊ दे.

प्रश्न : आम्ही शारजाला असतो, मुलगा अकरा वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचायला हळू. सासूबाईंनी ‘श्यामची आई’ पाठवलंय. मी वाचून दाखवते तर मीच रडते आणि तो विचारतो की मम्मा ती एवढी गरीब का आहे, आणि ती त्याला मारते का, मग ती चांगली आई कशी? काय उत्तर देऊ? की हे पुस्तक आजच्या मुलांसाठी राहिलंच नाही?

उत्तर : ताई, त्याने विचारलेले प्रश्न फार चांगले आहेत, ते दाबू नका. ‘संस्कार आहेत, ऐक’ असं म्हणून हे पुस्तक वाचून दाखवलं की मुलं कायमची तुटतात, मी हे कितीतरी घरांत बघितलंय.

साने गुरुजींनी हे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, हे त्याला आधी सांगा, म्हणजे आई जाऊन बरीच वर्षं झालेला, जेलमध्ये बसलेला एक माणूस आईला आठवतोय. अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्टच मुळात पकडून ठेवते. दुसरं म्हणजे पुस्तकाची रचनाच मुळी सांगण्याची आहे, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी, त्यामुळे पहिल्यापासून क्रमाने वाचायचा आग्रह नको. एका रात्री एकच, आणि कुठून सुरुवात करायची तर ‘अळणी भाजी’पासून करा. आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते आणि घरातले जेवणारे काही न बोलता जेवून उठतात, तिला शेवटी स्वतः जेवायला बसल्यावर कळतं. एवढीच गोष्ट. तिथे कोणी मरत नाही, उपदेशही थोडका आहे, आणि त्याला त्या घराची पद्धत कळते, कोण आधी जेवतं, कोण शेवटी, भाजी कशाची असते. तो नक्की विचारेल की आईच शेवटी का जेवते. विचारू दे. गरिबी का, तर कोकणात पालगडचं एकेकाळचं बरं घर भाऊबंदकीत आणि कर्जात बुडालेलं, हे त्याला तिसरी-चौथी रात्र ऐकल्यावर आपोआप समजेल.

मारण्याबद्दल खरं सांगा. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती मारते, ते तेव्हा चुकीचं मानत नसत आणि आज आपण चुकीचं मानतो, पण मारल्यावर तिचं काय होतं ते पुढे वाच असं म्हणा. श्यामची आई म्हणजे देवी नाही, ती चिडते, थकते, कर्जाने पिचते, मानी आहे. तिला देवी केली ती नंतरच्या भाषणांनी. आणि तुम्ही रडलात तर रडा, थांबून परत वाचा, मुलाने आईला पुस्तक वाचून रडताना बघितलं तर काही बिघडत नाही.

१९५३ चा आचार्य अत्र्यांचा सिनेमा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो दहा-बारा रात्री ऐकून झाल्यावर दाखवा, आधी नको.

प्रश्न : मी पुण्याचीच, इतिहास शिकवायचे. ‘स्वामी’ परत वाचली. थेऊरला माधवराव पेशव्यांची रमाबाई सती जाते तिथे मला या वयातही रडू येतं आणि लगेच स्वतःचाच राग येतो, की एका बाईने जिवंत जळणं आपण उदात्त म्हणून कसं काय वाचतो. हे सोडवून द्याल का?

उत्तर : बाई, इतिहास तुम्हाला मी काय सांगणार. पानिपतानंतर माधवरावाला सोळाव्या वर्षी पेशवेपद, एका बाजूला निजाम, हैदर आणि दुसऱ्या बाजूला सख्खा काका राघोबा, आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये क्षयाने मृत्यू, वय सत्तावीस. रणजित देसाईंनी १९६२ साली हे लिहिलं तेव्हा त्यांनी माधवरावाचा कारभार बारकाईने दाखवला, त्याची चिडचिड, काकाला माफ करत राहणं, थकवा. माधवरावासाठी येणारं रडू त्यातून येतं आणि ते पूर्ण कमावलेलं आहे.

रमाबाईचं तसं नाही असं मला वाटतं आणि तुमचा राग तिथूनच येतो. तिचा दिवस आपल्याला माहीतच होत नाही. ती वाट बघते, रुसते, नवस करते, थेऊरला येते. तिला स्वतःचं असं काय हवं होतं हे पुस्तक विचारत नाही, म्हणून शेवटी ती चितेकडे चालत जाते ते नदीकाठच्या तिच्या समाधी-वृंदावनासारखं सुंदर आणि दूरचं दिसतं. तुम्ही रडता ते त्या मुलीसाठी, आणि राग येतो तो त्या सुंदर दिसण्याचा. दोन्ही बरोबर आहे, यातलं काही सोडवायची गरज मला तरी वाटत नाही. विद्यार्थ्यांबरोबर ही पानं वाचलीत तर तुमचा हा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवा.

प्रश्न : भावनाप्रधान म्हटलं की आई, प्रेम आणि पुणे. आमच्या मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला भावना नाहीत का? – नांदेडचा एक वाचक.

उत्तर : काका, आहेत, आणि पुस्तकंही आहेत, फक्त ती ‘रडवणारी’च्या यादीत घालत नाहीत, ‘ग्रामीण’ असं लेबल लावून वेगळ्या कपाटात ठेवतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ घ्या, १९७१ ची. गावातल्या शिंप्याची बायको पारबती तिच्या मराठवाडी बोलीत सगळं सांगते, नवऱ्याचा धंदा कसा बसत जातो आणि घर कसं विस्कटतं ते. ती कुठेही ‘माझं दुःख’ म्हणत नाही, चूल, शिलाई मशीन, पोरगा, नवऱ्याचा तिरसटपणा असं सांगत जाते आणि वाचणाऱ्याचा घसा दाटून येतो. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या, २००४ चा साहित्य अकादमी मिळालेली, शिकलेला एकनाथ, नोकरी नाही, शेती परवडत नाही, शहरातून आलेल्या अलकाला त्या घरात जमत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो, या पुस्तकात बियाणं, फवारणी, देणेकरी, पावसाची वाट हे सगळं इतकं बैजवार येतं की पान उलटताना हात जड होतो. आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, धरणासाठी उठवलेल्या माणसांची, हिला १९९२ चा अकादमी मिळाला. ती वाचताना मला खैरमोडे गुरुजींसारख्या सरळ माणसाची सरकारी कचेऱ्यांतली वणवण कुठल्याही प्रेमभंगापेक्षा जास्त लागली. ‘बारोमास’ आधी वाचा, ‘झाडाझडती’ मोठी आहे, तिला निवांत वेळ ठेवा.

प्रश्न : पत्नी जाऊन सहा महिने झाले. आम्ही दोघं एकत्र वाचायचो. आता कुठलंही पुस्तक उघडलं की कोणीतरी जातंच त्यात आणि मला ते सहन होत नाही. वाचन सोडून द्यावं असं वाटतंय.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सध्या बंद ठेवलंत तरी चालेल, वाचन कुठे पळून जात नाही. पण सोडू नका.

वर ज्या पुस्तकांबद्दल बोललेय त्यातलं एकही आत्ता घेऊ नका, गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’सुद्धा नको, अंबुवहिनी इतक्या मायेने बोलते पण ते पुस्तक ओसाड होत जाणाऱ्या घरांचं आहे. त्याच दांडेकरांचं ‘माचीवरला बुधा’ मात्र बघा. १९५८ चं, छोटंसं. मुंबईत राहिलेला म्हातारा बुधा राजमाची किल्ल्याकडे आपल्या माचीवर परत येतो, झोपडं नीट करतो, काहीबाही पेरतो, एक कुत्रा, खारी, झाडं, पाऊस. घडत फारसं नाहीच. एकट्या माणसाने सकाळ ते संध्याकाळ काय करायचं याचं ते पुस्तक आहे आणि मला वाटतं तुम्हाला आत्ता तेवढंच हवंय. पाच-सहा पानं वाचा, जिथे जड वाटेल तिथे बंद करा, पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे असं काही नसतं, शेवटची पानं तर खुशाल राहू द्या. आणि जमलं तर मोठ्याने वाचा. दोघं वाचायचात म्हणालात, म्हणजे तुम्हाला वाचताना आवाज ऐकायची सवय असणार, घरातली ती शांतता जास्त त्रास देत असेल. नातवंडं, शेजारचं कोणी ऐकायला बसलं तर फारच चांगलं. पुढच्या महिन्यात कसं चाललंय ते नक्की कळवा.

प्रश्न : डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे मी कादंबऱ्या ऑडिओवर ऐकते. याला वाचन म्हणायचं का? आणि जुनी पुस्तकं छापील मिळत नाहीत ती कुठे शोधू? – ठाणे.

उत्तर : खुशाल म्हणा. ‘श्यामची आई’ मुळात ऐकायचंच पुस्तक आहे आणि ‘पाचोळा’, ‘पडघवली’ यांच्यातली बोली तर ऐकताना जास्त खुलते, फक्त वाचणारा त्या भागातला असला पाहिजे, नाहीतर पारबतीच्या तोंडी पुणेरी सूर येतो आणि सगळं हातातून जातं, तेव्हा आधी पाच मिनिटं ऐकून बघा आणि मगच पैसे भरा. जुन्या पुस्तकांसाठी तुम्हाला लांब जायला नको, तुमच्या गावातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, घरातल्या कोणाला तरी तिथे मेंबर करून घ्या आणि काउंटरवर पुस्तकाचं नाव नुसतं सांगू नका, लेखकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.